वाटाडीला न दिलेला चेहरा

पेटीत एकूण ऐवज असा होता: पायांसकट एक धड, एक जोड हात, सुटे पंजे तीन, पाठीवरची कापडी पिशवी एक, लोकरीचे केस चिकटवलेली कवटी एक, डोळ्यांच्या गोट्या चार (त्यातल्या दोन तडकलेल्या), बोलण्यासाठी ओठांचे तुकडे नऊ, तळव्यात बसणारे स्क्रू दोन आणि चेहरे दहा. मित्रांनो, हे सगळं मिळून मी. माझी उंची तुमच्या कंपासपेटीतल्या दोन पट्ट्यांएवढी. तरी एके काळी मी रोज संध्याकाळी कितीतरी घरांत डोंगर चढत असे.

मी वाटाडी. बाहुली आहे, पण खेळण्यातली नाही. मुलांच्या एका साहसी मालिकेसाठी मला बनवलं. मालिकेतली वाटाडी डोंगरात, गुहांत, जुन्या भुयारांत हरवलेल्यांना वाट काढून द्यायची. ती दोर बांधायची, वाऱ्याच्या झुळकेवरून भुयाराचं तोंड ओळखायची आणि चुकणाऱ्या मोठ्या माणसांना चांगलं खडसावायची. मी मात्र स्वतःहून करंगळीही हलवू शकत नाही. मला केसभर हलवायचं, फोटो काढायचा, पुन्हा केसभर हलवायचं, पुन्हा फोटो. पडद्यावरच्या एका सेकंदासाठी असे बारा फोटो लागत. ते भराभर दाखवले की तुम्हाला वाटायचं, वाटाडी धावली.

माझा जन्म एका स्टुडिओच्या मागच्या खोलीत झाला. तिथे साचेवाले काका काम करत. त्यांनी आधी माझा पोलादी सांगाडा केला. खांदा, कोपर, कंबर, गुडघा, घोटा, प्रत्येक ठिकाणी एक गोळी आणि तिला दोन बाजूंनी धरणाऱ्या पट्ट्या. सांधा सैल राहिला तर उचललेला हात हळूहळू खाली येतो. फार आवळला तर हात हलवताना सगळी बाहुलीच हलते. काका प्रत्येक स्क्रू थोडासा फिरवत, सांधा वाकवून बघत, पुन्हा थोडासा फिरवत. मग त्यांनी सांगाडा साच्यात ठेवून वरून मऊ रबर ओतलं. चेहरे वेगळे केले. ते कवटीवर चुंबकाने बसतात. हसरा काढायचा, रागावलेला लावायचा. टक् असा आवाज येतो, बस.

चेहरे मातीत घडवले त्या दिवशी निर्माते साहेब बघायला आले. मालिका लिहिणाऱ्या बाईही होत्या. टेबलावर अकरा मातीचे चेहरे ओळीने मांडले होते. साहेब बघत बघत शेवटच्यापाशी थांबले.

"हा कसला?"

"लागल्याचा," लेखिका बाई म्हणाल्या. "दर भागात ती कुठून तरी पडतेच ना."

"पडू दे की. पण कळवळायला कशाला हवं? रडक्या बाहुल्या बाजारात ढिगाने आहेत. ही मुलींची हिरो आहे."

"हिरोला लागत नाही वाटतं?"

"लागलं तरी दाखवत नाही! अहो बाई, माझ्या घरी दोन मुली आहेत. झुरळ दिसलं की दोघी पलंगावर. त्यांच्यासाठी करतोय मी हे. हिला बघून त्यांनी ताठ उभं राहावं."

साहेब वाईट माणूस नव्हते. जे बोलले ते मनापासून बोलले. काकांनी अंगठ्याने तो चेहरा दाबून सपाट केला आणि ती माती पुन्हा गोळ्यात मिसळली. त्याच गोळ्यातून संध्याकाळी माझ्या बुटांचा नमुना झाला.

उरले दहा. हसरा, खळखळून हसणारा, रागावलेला, चकित, खट्याळ, विचारात पडलेला, शीळ घालणारा, ओरडणारा, झोपलेला आणि निर्धाराचा. निर्धाराच्या चेहऱ्यात भुवया जवळ आलेल्या, ओठ मिटलेले आणि जबडा आवळलेला आहे. तो साहेबांचा सर्वात आवडता.

मग कामाची वर्षं आली. मला जी हलवायची तिला स्टुडिओत सगळे 'हलवणारी' म्हणत. केस घट्ट बांधायची, बाह्या कोपरावर पिना लावून आवरायची, म्हणजे चुकून सेटवरच्या झाडाला धक्का लागायला नको. टेबलाच्या कडेला तिचा एक आरसा असे. मी काही करण्याआधी ती ते आरशासमोर स्वतः करून बघायची. मी शिंकणार असेन तर ती आधी दहा वेळा शिंकायची. चहा घेऊन येणारा दर वेळी दारातूनच विचारायचा, "सर्दी की काम?"

माझ्या पायाखालचं टेबल भोकाभोकांचं होतं. प्रत्येक पावलाला खालून एक स्क्रू माझ्या तळव्यात वर यायचा आणि हलवणारी टेबलाखाली हात घालून तो आवळायची. त्याशिवाय मी उभीच राहू शकत नव्हते. तुम्ही मला दरीवरून उडी मारताना बघितलं असेल. ती उडी मी पाठीत लोखंडी दांडा खुपसून घेऊन मारली होती. दांडा नंतर फोटोतून पुसला. मला कधीच एका जागेवरून दुसऱ्या जागी, न आवळता, जाता आलं नाही. मोकळी मी फक्त तुमच्या पडद्यावर होते.

दरीचा तो भाग मला नीट आठवतो. वाटाडी कड्यावरून घसरते आणि दगडावर गुडघ्यावर आपटते. हलवणारीने नेहमीसारखं आधी आरशासमोर करून बघितलं. तिचा श्वास अडकला, वरचा ओठ एका बाजूला उचलला गेला, डोळ्यांच्या कडा आकसल्या. मग तिने चेहऱ्यांच्या तबकाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"काय करू गं," ती मला म्हणाली, "तुझ्याकडे नाहीये तो."

आणि तिने निर्धाराचा चेहरा लावला. टक्. पडद्यावर वाटाडी आपटली, जबडा आवळला आणि उठून चालू लागली. तो भाग सगळ्यांना फार आवडला. मुलींची पत्रं आली. एकीने लिहिलं होतं, मी इंजेक्शन घेताना तुझ्यासारखी बसले. ते वाचून साहेबांनी स्वतः येऊन माझी पाठ थोपटली. त्याने खांद्याचा सांधा सरकला आणि हलवणारी दिवसभर त्यांच्या नावाने पुटपुटत राहिली.

पुढे लोकांना दुसरं काही बघावंसं वाटू लागलं. मालिका थांबली. हलवणारीने माझे पाय सोडवले आणि मला पेटीत ठेवलं. शेवटच्या फोटोत जो चेहरा होता तोच अंगावर राहिला, निर्धाराचा. झाकण लागलं. मित्रांनो, अंधाराचं मला फारसं काही वाटलं नाही, मला झोपेचाही चेहरा आहे. पण तो माझ्याच कुशीला, कागदात गुंडाळलेला होता आणि मी त्या काळोखात जबडा आवळून पडले होते. किती वर्षं, ते मला सांगता येणार नाही. रबर जुनं होतं तसं थोडं चिकट होतं, त्यावरून फक्त अंदाज येतो.

झाकण पुन्हा उघडलं ते एका इस्पितळाच्या व्यायामखोलीत. हलवणारीच्या आईचा आखडलेला खांदा त्या खोलीत मोकळा झाला होता, म्हणून स्टुडिओ विकला गेला तेव्हा तिने मला तिथे देऊन टाकलं. ती स्वतः आता यंत्रं कशी जोडायची याच्या माहितीफिती बनवणाऱ्या कचेरीत नोकरी करत होती. खोलीत भिंतीला लाकडी दांड्यांची शिडी होती, छताला कप्पी आणि तिला वाळूच्या पिशव्या, मध्ये हिरव्या रेक्झिनचा उंच पलंग. पलंगासमोर काचेचं कपाट. त्यात मला ठेवलं. मुलांनी उचलून नेऊ नये म्हणून इस्पितळाच्या सुताराने माझे दोन्ही पाय फळीला स्क्रूने पक्के केले आणि हात झटकत म्हणाला, "आता पळून दाखव." बाकीचे चेहरे पेटीसकट खालच्या खणात गेले. कपाटाची किल्ली व्यायाम करवणाऱ्या ताईंच्या खिशात. मुलं त्यांना पाठीमागे वाकवाताई म्हणत. त्यांना ते माहीत होतं.

मोडलेली हाडं जुळल्यावर आखडलेले सांधे तिथे मोकळे करत. मालिकेचे जुने भाग मुलं अजूनही बघत, म्हणून वाकवाताई त्यांना माझ्याकडे बोट करून सांगायच्या, "बघ हं, वाटाडी बघतेय!" पहिल्यांदा मला बरं वाटलं. पुन्हा कुणाच्या तरी उपयोगी पडत होते. हळूहळू मला एक गोष्ट दिसू लागली. जी मुलं "आई गं!" म्हणून बोंब ठोकायची, त्यांच्यापाशी ताई तिथेच थांबायच्या, फुंकर घालायच्या आणि पुन्हा सुरू करायच्या. काही मुलं माझ्याकडे बघून ओरडणं गिळायची. त्यांच्यापाशी ताईंना थांबायचं कुठे ते कळतच नसे.

आणि मग सरदार आली.

हे तिचं घरातलं नाव. आत्याने ठेवलेलं. वय दहा. सायकलवरून उतारावर पडून मांडीचं हाड गुडघ्याच्या जरा वर मोडलं होतं. हाड आतून धातूची पट्टी लावून जोडलं, जखम भरली, पण गुडघा वाकेना. आई-वडील दोघं कामावर असत, म्हणून शिवणकारखान्यातली सकाळची पाळी संपवून आत्याच तिला घेऊन यायची. अंगावर दोऱ्यांचे तुकडे तसेच चिकटलेले.

"ताई, आणलाय बघा आमचा सरदार," पहिल्याच दिवशी आत्या म्हणाली. "घरात हुकूम सोडतो, पण पाय वाकवत नाही."

"आत्या, गप ना!"

तेवढ्यात सरदारने मला बघितलं. कुबड्या टेकत कपाटापाशी आली आणि काचेला नाक लावलं. "ही खरी वाटाडी आहे? खरी म्हणजे खरी?"

"खरीच," वाकवाताई म्हणाल्या. "तुझ्यावर लक्ष ठेवायला."

हे ताईंनी सहज म्हटलं. पण सरदारने ते फारच मनावर घेतलं.

ताईंकडे दोन लांब पट्ट्या एका खिळीवर फिरणारा कोनमापक होता. एक पट्टी मांडीला लावायची, दुसरी पोटरीला. पाय सरळ म्हणजे शून्य. खुर्चीत नीट बसायला साधारण नव्वद अंश लागतात, सायकल चालवायला त्याहून जास्त. सरदारचा आकडा अडतीसवर होता. पुढच्या आठवड्यात चाळीस झाला आणि तिथेच बसला.

"दुखतंय का गं?" ताई विचारायच्या.

"नाही."

"इथे?"

"नाही."

"मग मांडी दगडासारखी का झालीये? सैल सोड बघू."

"सोडलीये."

ती सोडलेली नव्हती. मला समोरून स्पष्ट दिसत होतं. भुवया जवळ आलेल्या, ओठ मिटलेले, जबडा आवळलेला. ताईंनी ढकललं की मांडी आणखी कडक व्हायची. ताईंना वाटायचं आत काही चिकटलंय, म्हणून त्या आणखी थोडं ढकलायच्या.

हाडांचे डॉक्टर तपासायला आले. त्यांनी आकडा ऐकला, गुडघा दाबून बघितला आणि आत्याला बाजूला घेतलं. बाजू म्हणजे माझं कपाट.

"पुढच्या तपासणीपर्यंत नव्वद हवेत. नाही आले तर भूल देऊन आम्हालाच वाकवावा लागेल. त्यात आतलं फाटू शकतं, सूज येते, मग पुन्हा पहिल्यापासून. आणि तेही नाही जमलं तर गुडघा जन्मभर असाच राहील."

"अहो, पण पोरगी म्हणते दुखत नाही तिला."

"तेच मला कळत नाहीये," डॉक्टर म्हणाले.

सरदारने सगळं ऐकलं. डॉक्टर गेले, ताई शेकायची पिशवी गरम करायला आत गेल्या, आत्या पाणी आणायला. सरदार पलंगावरून उतरून माझ्यासमोर आली.

"मी रडणार नाहीये," ती मला हळूच म्हणाली. "तू दरीत पडलीस तेव्हा तू कुठे रडलीस? मी बिलकूल सांगणार नाहीये त्यांना."

मित्रांनो, मी तिच्यापासून वीतभर अंतरावर होते. तिच्या श्वासाने काच धुरकट होत होती. तिला सांगायला माझ्याकडे एकच वाक्य होतं आणि ते सांगायला माझे ओठ खणात होते. पाय फळीत. समोर काच. मी तिच्याकडे बघत राहिले आणि मी ज्या चेहऱ्याने बघत होते, त्याचा तिने घ्यायचा तोच अर्थ घेतला. ती मान हलवून, जबडा आवळून, पुन्हा पलंगावर चढली.

दोन दिवसांनी वाकवाताईंनी हलवणारीला फोन लावला. त्यांचं एकाच बाजूचं बोलणं मला ऐकू आलं.

"तुमच्या बाहुलीने माझं काम अडवलंय... हसू नका हो! पोरगी कपाटाशी बोलताना मी आतून ऐकलं, म्हणते वाटाडीला लागत नाही, मग मी कसं लागलं म्हणू. दुखायला कुठे लागतं ते कळलं तर मी त्याच्या अलीकडे थांबेन. तिथे थांबलं की स्नायूची भीती जाते, तो सोडतो. पण ही पठ्ठी तोंडच उघडत नाही... या ना. तुमचं ऐकेल ती."

हलवणारी आली. केस तसेच घट्ट बांधलेले, त्यात आता पांढरे बरेच. हातात मातीची पिशवी.

"कोण अडलंय माझ्या पोरीपायी?"

सरदार उठून बसली. "तुम्ही हलवायचात हिला?"

"पाय माझ्या या दोन बोटांत असायचे."

"मग मला खरं सांगा, मावशी. दरीच्या भागात ती एवढ्या वरून पडते. तिला लागलं नाही?"

हलवणारीने माझ्याकडे बघितलं. "लागलं होतं."

"खोटं! ती लगेच उठली. मी तो भाग पाठ केलाय."

हलवणारी वाद घालत बसली नाही. तिने खालचा खण उघडला, पेटी काढली आणि माझे नऊ चेहरे कागदातून सोडवून हिरव्या पलंगावर मांडले. दहावा माझ्या अंगावर होता. "यातला लागल्याचा शोध."

सरदारने एकेक उचलला. "हा ओरडतोय, पण रागाने. हा झोपलेला. हा... हा शीळ घालतोय ना?" तिने पुन्हा सगळे बघितले. "एक हरवलाय."

"हरवला नाही. केलाच नाही. मोठ्या माणसांनी बसून ठरवलं, नको म्हणून."

"का?"

"मुली घाबरट होतील म्हणून."

सरदारने हातातला चेहरा खाली ठेवला. "म्हणजे तिला दुखायचं, पण चेहराच नव्हता?"

"हो."

"मग ती काय करायची?"

"तो लावायची." हलवणारीने कपाटाकडे बोट केलं. "मला दुसरा मिळायचाच नाही."

आत्या इतका वेळ दोऱ्याचे तुकडे वेचत बसली होती. तिने मान वर करून मला बघितलं, मग सरदारला बघितलं. "अगं बाई! हा तर आमच्या सरदाराचा चेहरा. पाय वाकवायला घेतला की अस्साच."

सरदार लाल झाली. "मग आता करा ना तिला तो," ती तुटक आवाजात म्हणाली.

"करते की. पण मला नमुना लागतो. आरशात बघून करायचे मी, पण सध्या माझं काही दुखत नाहीये. तुझं दुखतं का?"

सरदारने माझ्याकडे बघितलं, आत्याकडे बघितलं, मग स्वतःच्या गुडघ्याकडे.

"थोडं," ती म्हणाली.

"थोड्यावर माझं भागेल. दाखव."

सरदारने डोळे मिचकावले, तोंड वासलं आणि जीभ बाहेर काढली.

"हा दातदुखीच्या जाहिरातीतला. मला नको. खोटा चेहरा मी लांबून ओळखते, पोटापाण्याचा धंदा आहे माझा. ताई, तुम्ही वाकवा बरं सावकाश."

ताईंनी एका हाताने टाच धरली, दुसरा मांडीखाली ठेवला आणि वाकवायला सुरुवात केली. सरदारच्या भुवया जवळ येऊ लागल्या. मग, आवळता आवळता, वरचा ओठ डाव्या बाजूला किंचित उचलला गेला आणि श्वास थांबला.

"हा! थांबा!" हलवणारी ओरडली. "ताई, हलू नका. सरदार, तूही नाही. हा मला हवाय."

ताई थांबल्या. हलवणारीचे अंगठे मातीत भराभर फिरू लागले. बाहेरून कुणीतरी चाकाची खुर्ची ढकलत गेलं, तरी ताई तशाच धरून. आणि मग ताईंनी एकदम खाली स्वतःच्या हाताकडे बघितलं. त्यांच्या हातातली मांडी सैल झाली होती. त्यांनी हात तसाच ठेवला.

"झाला. पण एकाने भागणार नाही," हलवणारी म्हणाली. "शांत चेहऱ्यावरून एकदम कळवळ्यावर उडी मारली तर बघणाऱ्याला झटका बसतो. मधले लागतात. हा दोन धरू. याच्या आधीचा एक दे, आणि पुढचे."

असे पाच घडले. एक म्हणजे नुसती चाहूल. तीनला डोळ्यांच्या कडा आकसलेल्या. पाचव्याला सरदार रडली, मोठ्याने, नाक वाहेपर्यंत, आणि रडता रडता म्हणाली, "हा नीट करा, हा सारखा नाही येणार!" आत्या हसत होती आणि पदराने डोळेही पुसत होती.

त्या दिवशी ताईंनी कोनमापक लावला. तेहतीस.

"म्हणजे उलटं झालं की हो!" आत्या घाबरली. "काल चाळीस होतं!"

"कालचे चाळीस मी ढकलून आणले होते," ताई म्हणाल्या. "आजचे तेहतीस तिने दिलेत."

हलवणारीने चेहरे घरी नेऊन भाजले, मागे चुंबक बसवले, कपाळावर आकडे घातले आणि परत आणले. आता सरदार व्यायामाला बसली की पाचही चेहरे पत्त्यांसारखे हातात धरायची. एक, दोन असेपर्यंत ताईंनी पुढे जायचं. तीन दिसला की तिथेच थांबून धरायचं. चार म्हणजे मागे. पाच येऊच द्यायचा नाही. बोलायचं काही नाही, फक्त चेहरा वर करायचा. आकडा तेहतीसवरून चढत पन्नासपर्यंत आला आणि नंतर साठपाशी बरेच दिवस अडकला. तपासणी जवळ येत चालली, तशी सरदारने एकदा लबाडी केली. दोन वर धरला.

"खोटं," ताई म्हणाल्या. "मांडी सांगतेय तीन."

"पण ताई, थांबलो तर पोचणार कसं?"

"थांबलो म्हणूनच इथवर आलो. तीन दाखव."

सरदारने ओठ चावला आणि तीन दाखवला.

मधल्या काळात एक दिवस माझं कपाट उघडलं. सरदारनेच हट्ट केला होता. तिने माझ्या तोंडावरचा निर्धार नखाने अलगद सोडवला आणि त्या जागी दोन क्रमांकाचा चेहरा बसवला, पहिल्यांदा मातीत घडलेला तो. टक्. "आता सांगता येईल तिला," ती म्हणाली. हलवणारीने सरदारच्या हातातल्या पाच चेहऱ्यांसाठी तसाच एक आणखी करून दिला. मग काच लागली, किल्ली फिरली. पायातले स्क्रू होते तिथेच आहेत. मला कुणी सोडवलेलं नाही, आणि सोडवलं तर मी उभी राहू शकणार नाही, हेही खरं. पण आता पलंगावरची मुलं माझ्याकडे बघतात तेव्हा आधी थोडी गोंधळतात आणि मग त्यांचं तोंड उघडतं.

मित्रांनो, माझी तुम्हाला एवढीच विनंती आहे. तुम्हाला माझ्यासारख्या मुली पडद्यावर आवडतात, आवडू द्या. त्यांच्यासारख्या चढा, पोहा, मोठ्यांना खडसावा. फक्त त्या पडतात तेव्हा जरा निरखून बघा. त्यांना चेहरे किती दिले होते ते तुम्हाला ठाऊक नसतं. तुमच्याकडे ते सगळे जन्मापासून आहेत, वापरायला काढा. आणि घरात कुणी जबडा आवळून "नाही" म्हणालं, तर एकदा आणखी विचारा.

तपासणीला डॉक्टर व्यायामखोलीतच आले. आत्या पलंगाच्या कठड्याला धरून उभी. ताईंनी दोन्ही हात मुद्दाम मागे बांधले.

"तूच वाकव," डॉक्टर म्हणाले. "बघू कुठपर्यंत जातो."

सरदारची टाच रेक्झिनवरून मागे सरकू लागली. ती थांबली. डॉक्टरांनी कोनमापक लावला. "चौऱ्याऐंशी," ते म्हणाले आणि पेन काढलं. आत्याने डोळे मिटले.

"थांबा ना, डॉक्टरकाका. हा दोनच आहे."

"दोन काय?"

"सर, थांबा जरा," ताई म्हणाल्या.

सरदारने श्वास सोडला. तिचा वरचा ओठ डाव्या बाजूला उचलला गेला होता. टाच पुन्हा सरकली, थांबली, आणखी थोडी सरकली. डोळ्यांच्या कडा आकसल्या.

"आता तीन," ती म्हणाली आणि पाय तिथेच धरून ठेवला.

डॉक्टर वाकले. एक पट्टी मांडीला लावली, दुसरी पोटरीला, आणि आकडा वाचला.

उजवा गुडघा, स्वतः वाकवलेला: ब्याण्णव अंश.